अक्ष, फासा आणि अपघात

भायखळ्यास जे. जे. रुग्णालयाजवळून निघून दक्षिणेकडे जाणारा मखदूम अली माहिमी उड्डाणपूल २००२ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या वळणांवर दुचाकीस्वारांचे अपघात होऊ लागले आणि २०१० साली पोलिसांनी दुचाकी वाहनांस तो बंद केला. टेबलावर मांडावयाच्या भूमिकाखेळात हा पूल घ्यावयाचा झाल्यास नियमकर्त्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की फासा नेमका कोठे टाकावयाचा?

प्रश्न वाटतो तितका अर्वाचीन नाही. संस्कृतात 'अक्ष' म्हणजे फासा, आणि 'अक्ष' म्हणजे रथाचा आसही. दोहोंचे मूळ एकच मानण्याचे कारण नाही. आसाचा वाचक शब्द लॅटिन 'आक्सिस'चा सगोत्र होय, तर वैदिक द्यूतातील अक्ष ही बेहड्याची फळे होत. तथापि नलोपाख्यानात दोहोंची गाठ पडते. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण रथातूनच बेहड्याची पाने व फळे किती ते सांगतो. सारथी झालेला नल रथ थांबवून ती मोजून पाहतो आणि अश्वविद्येच्या बदल्यात अक्षविद्या मागून घेतो. फासा येथे दैवाकडून गणनेकडे आलेला दिसतो.

युरोपात हेच संक्रमण प्रशियाच्या सैन्यात घडले. राइसवित्स याने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात फाशाला कोष्टकांची जोड दिली. त्याच सैन्यात घोड्यांच्या लाथांनी झालेल्या मृत्यूंचा हिशेब बोर्टकीविच याने १८९८ साली मांडला. दहा दले, वीस वर्षे, १२२ मृत्यू. या दोनशे नोंदींपैकी १०९ निरंक, एकीत मात्र चार मृत्यू. प्वासाँच्या सूत्राशी ही विभागणी आश्चर्यकारकरीत्या जुळते. परंतु अपघात किती होतील हे सांगणारे सूत्र तो कसा होतो हे सांगत नाही.

१९८० साली अमेरिकेत निघालेल्या 'कार वॉर्स' या पटखेळाने दुसऱ्या प्रश्नास हात घातला. त्यातील एक डाव म्हणजे एक सेकंद. वळण जितके तीव्र, तितका गाडीवरील ताबा कमी. ताब्याचे दान फसले, की आपत्तीच्या कोष्टकासाठी पुन्हा फासे. चालकाची निवड आधी आणि फासा नंतर, हा क्रम योग्यच म्हटला पाहिजे. मात्र पुष्कळशा गोष्टी फाशावाचूनच ठरतात. प्रतिसादकाल दीड सेकंद व घर्षणगुणांक ०.७ धरल्यास ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे ३५ मीटरांत थांबते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी त्याच ठिकाणी अद्याप ताशी ४३ किलोमीटर वेगाने जात असते. येथे दान कशाचे मागावयाचे? फाशाची जागा आहे ती चालकाचे लक्ष, रस्त्याची ओल, आघातानंतरची इजा, अशा अज्ञात गोष्टींपुरती.

कायद्याची मांडणीही अशीच आहे. हयगयीने मृत्यू घडविण्याचा अपराध भारतीय दंडसंहितेत १८७० साली कलम ३०४-अ म्हणून आला. २०२४ पासून तो भारतीय न्यायसंहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. चालकाने निवडलेला वेग न्यायालय यदृच्छेच्या खाती टाकीत नाही. इंग्रजी 'ॲक्सिडेंट' या शब्दाच्या मुळाशी 'पडणे' हा लॅटिन धातू आहे, आणि मराठीत दानही पडतेच. 'अपघात' या शब्दात मात्र पडणे नाही, घाव आहे.

भायखळ्याच्या पुलावर निवडलेला उपाय फाशाचा नव्हता, कोष्टकाचाही नव्हता. एक जातीची सोंगटीच पटावरून उचलली गेली. वळणे होती तशीच राहिली.