आपल्या वाडींतील फळझाडें आणि त्यांचा पूर्वेतिहास

धर्मग्रामाच्या महोत्सवी ग्रंथांत मंदिर केव्हां बांधलें, घंटा कोणीं अर्पण केली, धर्मगुरु कोण कोण होऊन गेले, हें सर्व सांगितलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु ज्या वाड्यांच्या उत्पन्नावर मंदिर उभें राहिलें, त्या वाड्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. वसईच्या आपल्या लोकांत घर आणि वाडी हीं कधींच वेगळीं मानलीं गेलीं नाहींत. घरामागें विहीर, विहिरीवर रहाट, रहाटापासून निघालेल्या पाटाच्या दोहों बाजूंस केळी, कुंपणाशीं जांब किंवा पेरू, आणि ओटीसमोर आंबा, असा आपल्या पूर्वजांच्या संसाराचा आराखडा असे. वाडवळ हें नांवहि वाडीवरूनच पडलें असें मानतात. हीं झाडें कोठून आलीं, व त्यांस हीं नांवें कशीं मिळालीं, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

वसईचा मुलूख गुजराथच्या बहादूरशहानें इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत पोर्तुगीजांस तोडून दिला, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं तो जिंकून घेतला. मधलीं दोनशें वर्षें वसई हें अशा एका राज्याचें ठाणें होतें, कीं ज्याचीं गलबतें ब्राझीलपासून मलाक्क्यापर्यंत फिरत असत. लढाया व तह यांची हकीकत शाळेच्या पुस्तकांत मिळते. त्याच गलबतांतून बियांची व रोपांची जी ये-जा झाली, ती मात्र जुन्या प्रवाशांच्या ग्रंथांतून वेंचून काढावी लागते.

या शोधांत मोलाचा साक्षीदार मिळतो तो गार्सिया द ऑर्ता नांवाचा पोर्तुगीज वैद्य. हा १५३४ सालींच गोव्यास आला. पुढें मुंबईचें बेट त्याच्याकडे खंडानें होतें, व तेथें त्याची स्वतःची बाग होती. औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत आंबा, फणस, केळें इत्यादि फळांचीं वर्णनें आहेत, आणि मुंबईच्या आपल्या एका आंब्यास वर्षांतून दोनदां, एकदां मे महिन्यांत व एकदां वर्षाअखेरीस, फळ येतें असें तो अभिमानानें सांगतो. जांब मलाक्क्याहून नुकताच इकडे आला, असेंहि त्यानें नमूद केलें आहे. हा ऑर्ता यहुदी वंशांतला होता. १५६८ सालीं तो वारला, व १५८० सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें त्याच्या अस्थि उकरून जाळविल्या. धर्माच्या नांवानें घडलेलें हें कृत्य झांकून ठेवण्यांत कांहीं अर्थ नाहीं. ज्याच्या लेखणीमुळें आपल्या किनाऱ्यावरील बागांचा इतका जुना दाखला आपल्या हातीं लागतो, त्याच्या हाडांस या भूमींत विसांवा मिळूं दिला गेला नाहीं, हें आपण जाणून असावें.

आतां दर्यापारचीं झाडें पाहूं. अननस कोलंबसानें १४९३ सालीं ग्वादलूप बेटावर पाहिला. पुढें सव्वाशें वर्षांच्या सुमारास जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रांत लिहितो कीं, हें फळ फिरंग्यांच्या बंदरांकडचें असून आग्ऱ्याच्या बागेंत आतां तें दरसाल हजारोंनीं पिकतें. काजू ब्राझीलचा, क्रिस्तोव्हाव दा कोस्ता या वैद्यानें तो कोचीनला पाहिल्याचें १५७८ च्या आपल्या ग्रंथांत आहे. पपईची वाट सर्वांत लांबची. लिन्सोतेन नांवाचा एक डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरीं चिटणीस होता. १५९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत तो सांगतो कीं, पपई स्पेनच्या मुलखांतून फिलिपाइन्समार्गें मलाक्क्यास व तेथून हिंदुस्थानांत आली. पेरू व सीताफळ यांचेंहि मूळ अमेरिकेंतच आहे असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. चिकूहि तिकडचाच, परंतु तो आपल्याकडे पुष्कळ उशिरां आला. घोलवडला त्याची लागवड १८९८ सालीं सुरू झाली असें सांगतात.

नांवांची मौज पाहण्यासारखी आहे. अननस व काजू हे शब्द ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे. पोर्तुगीजांच्या तोंडून ते मराठींत आले. पोर्तुगीज भाषेंत नासपतीस 'पेरा' म्हणतात, त्यावरून पेरू झाला. उलट सीताफळास आपल्या लोकांनीं सीतामाईचें नांव दिलें, आणि तें परदेशचें आहे असें कोणी सांगितलें तर आज ऐकणाऱ्यास खरेंहि वाटत नाहीं.

हें इतकें विस्तारानें लिहिण्यास कारण आहे. आपल्या आडनांवांवरून व धर्मावरून 'पोर्तुगीजांनीं मागें ठेवलेले लोक' असें आपणांस कोणी कोणी अजूनहि हिणवतात, आणि आपल्यांतील तरुण मुलें तें ऐकून एक तर चिडतात किंवा खालीं मान घालतात. त्यांनीं वाडींत जाऊन पेरूच्या झाडाकडे पाहावें. त्याचें नांव फिरंगी, बीज अमेरिकेचें. परंतु चारशें वर्षें त्यानें येथील माती खाल्ली व येथील विहिरीचें पाणी प्यालें. उपवासाच्या फराळांत त्यास कोणी मज्जाव करीत नाहीं. आपण तर याच मातींतले. शेजाऱ्यांशीं आपली भाषा एक, पीक एक, पाऊस एक. बाहेरून आलें तें नांव, आणि प्रभूची सुवार्ता. शिवाय देवाणघेवाण दोहों बाजूंनीं झाली आहे. पांच धारांचें आंबट करंबळ आपल्याकडील मंडळी कालवणांत घालतात. तोच शब्द पोर्तुगीजांनीं उचलला, आणि युरोपांत तें फळ 'कारांबोला' म्हणून ओळखलें जाऊं लागलें. या शब्दांचा छडा लावणारे पंडित मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद (१८५५–१९२२) हे गोमंतकीय धर्मगुरूच होते.

आंब्याची गोष्ट निराळी. तो मूळचा या देशाचाच. परंतु त्याची जात सुधारली ती गोव्याच्या बागांतून. गोड आंब्याची कोय पेरावी आणि दहा वर्षांनीं आंबट, धाग्यांचें फळ हातीं यावें, हा अनुभव आपल्यापैकीं कित्येकांस असेल. अशा झाडास आपण रायवळ म्हणतों. फळ जसेंच्या तसें हवें तर कलमच करावें लागतें. भेट कलमाची रीत अशी: कुंडींतील रायवळ रोप चांगल्या झाडाच्या फांदीपाशीं नेऊन ठेवावयाचें, दोघांचीहि साल एका बाजूनें बोटभर तासावयाची, आणि त्या ओल्या जागा एकमेकींस भिडवून केळीच्या सोपटानें घट्ट आंवळावयाच्या. दोन-तीन महिन्यांत दोहोंचा जीव एक होतो. मग फांदी मूळ झाडापासून तोडतात, व रोपाचा शेंडा छाटून टाकतात. सेंट पॉलनें रोमकरांस लिहितांना रानजैतुनाची फांदी बागेंतील जैतुनावर लावल्याचा दाखला दिला आहे. माळी करतो त्याच्या हें अगदीं उलट आहे, आणि हें निसर्गाविरुद्ध होय असें पॉल स्वतःच म्हणतो. ज्यानें आपल्या हातानें कलम बांधलें आहे, त्यास देवाच्या कृपेचा हा उलटेपणा भाष्यकारांच्या आधीं समजेल.

कलमाची विद्या येशूसंघीयांनींच या देशांत प्रथम आणली, असें आपल्याकडे पुष्कळदां म्हटलें जातें. तें खरें नव्हे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत कलमाचें वर्णन आहे. मात्र गोव्याचा कलमी आंबा नांवारूपास आणल्याचें श्रेय परंपरा त्यांस देते, आणि तें नाकारण्याचें कारण दिसत नाहीं. मनुची नांवाचा व्हेनिसचा गृहस्थ १६५६ सालीं या देशांत आला व येथेंच म्हातारा झाला. उत्तम आंबे गोव्याचे असें सांगून त्यानें त्यांच्या जातींची यादीच दिली आहे: निकुलाव आफोंसोचा आंबा, पांढरा व तांबडा कारेरा, काउंटाचा आंबा, धोब्याचा आंबा, आणि धन्य कुमारी मातेच्या नांवाचाहि एक आंबा. आपला हापूस हा आफोंसो द अल्बुकर्क या सेनापतीचा, असें लोक म्हणतात. मला मात्र मनुचीचा निकुलाव आफोंसो हाच त्याचा खरा धनी वाटतो. सेनापतींस कलमें बांधण्यास वेळ कोठून असणार? मानकुराद हें नांव 'रंगानें उणा' अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांचें आहे, आणि चवीनें तर तो कोणास हार जात नाहीं. १७५९ सालीं येशूसंघीयांस पोर्तुगीज मुलखांतून हांकून देण्यांत आलें व त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. आंबे राहिले.

केळीस कोणाच्या गलबताची गरज पडली नाहीं. राजेळी, वेलची, मुठेळी, तांबडी या आपल्या जुन्या जाती. केळीस रुजणारें बी धरत नाहीं; गड्ड्यापासून फुटलेला मुनवा काढून दुसरीकडे लावतात. म्हणजे एखाद्या वाडींत आज उभी असलेली राजेळी ही पणज्यानें लावलेल्या राजेळीचीच वाढ होय. पिकलेली राजेळी सोलून, उन्हांत वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधली म्हणजे सुकेळी होते. आगाशीच्या या मालाचा उल्लेख ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांतहि आहे. ती करणारीं घरें आतां थोडीं राहिलीं आहेत. एकदां का शेवटचा मुनवा उपटला, कीं ती ओळ कायमची तुटली. आंब्याप्रमाणें कोय पेरून पाहण्याचीहि सोय नाहीं.

वाड्या विकल्या जात आहेत, विहिरींचें पाणी टँकरांतून जात आहे, हें मीं सांगावयास नको. ज्यांनीं मुलींचीं लग्नें, मुलांचीं शिक्षणें व आजारपणें यांसाठीं जमीन विकली, त्यांस मी दोष देत नाहीं. त्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पण दोन खोल्यांमागील दहा हात जागेंतहि एक कलमी आंबा किंवा पेरू आणि चार केळी मावतात. कलम पावसाच्या आरंभीं लावावें, व त्याचा सांधा मातीच्या वर राहूं द्यावा. शुभवर्तमानांतील माळ्यानें न फळणाऱ्या अंजिरासाठीं धन्याकडे आणखी एक वर्ष मागून घेतलें, व भोंवतीं खणून खत घालण्याचें कबूल केलें. नव्या झाडासहि खत व पाणी यांबरोबर तेवढा धीर लागतो.

एक विनंति आहे. बाप्तिस्म्याच्या व विवाहांच्या आपल्या नोंदवह्यांत माणसांचीं नांवें आहेत, झाडांचीं नाहींत. मनुचीसारख्या परक्या प्रवाशानें गोव्याच्या आंब्यांचीं नांवें टिपून ठेवलीं, म्हणून तीं आपणांस कळलीं. आपल्या आळीआळींतील रायवळ आंब्यांस आजी-आजोबांनीं दिलेलीं नांवें कोठेंच लिहिलेलीं नाहींत. ज्यांस अशीं नांवें आठवत असतील, त्यांनीं झाड कोठें आहे किंवा होतें, फळ कसें होतें, व तें कोणीं लावलें, हें एका कागदावर लिहून धर्मगुरुनिवासांत आणून द्यावें. ज्यांस लिहितां येत नाहीं, त्यांनीं रविवारच्या मिस्सानंतर येऊन सांगावें; मी स्वतः लिहून घेईन. त्यासाठीं एक कोरी वही नोंदवह्यांच्या कपाटांत ठेवली आहे.