डेन्मार्कची १९७३ ची निवडणूक : प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि पक्षव्यवस्थेचे विघटन

१९६७ साली सेमूर मार्टिन लिप्सेट आणि स्टाइन रोक्कान या दोन अभ्यासकांनी पश्चिम युरोपातील पक्षांविषयी एक सिद्धान्त मांडला. त्या दशकातील पक्षव्यवस्था ही, मोजके अपवाद वगळता, १९२० च्या सुमारास समाजात जे भेद रूढ होते त्यांचेच गोठलेले प्रतिबिंब होय, असे त्याचे सार होते. या सिद्धान्ताला डेन्मार्कइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडले असते. शेतकऱ्यांचा व्हेन्स्त्रे, कामगारांचा सोशल डेमोक्रॅट, लहान शेतकरी व सुशिक्षित वर्ग यांचा रॅडिकल व्हेन्स्त्रे आणि नागरी संपन्न वर्गाचा कॉन्झर्व्हेटिव्ह हे चार जुने पक्ष अर्धशतकाहून अधिक काळ तेथील राजकारण व्यापून होते. परंतु सिद्धान्ताची शाई वाळते न वाळते तोच, ४ डिसेंबर १९७३ रोजी, याच देशात जी निवडणूक झाली तिला डॅनिश जनतेने भूस्खलनाचे नाव दिले.

हे नाव अतिशयोक्तीचे नव्हते. १९७१ च्या निवडणुकीत मुख्य भूमीच्या १७५ जागा पाच पक्षांत विभागल्या गेल्या होत्या; १९७३ मध्ये त्या दहा पक्षांत विभागल्या गेल्या. चार जुन्या पक्षांची एकत्रित मते ८४ टक्क्यांवरून सुमारे ५८ टक्क्यांवर आली. सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या जागा ७० वरून ४६, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या ३१ वरून १६, व्हेन्स्त्रेच्या ३० वरून २२ आणि रॅडिकल पक्षाच्या २७ वरून २० झाल्या. चार जुन्या पक्षांबाहेरचा समाजवादी लोकपक्षही १७ वरून ११ वर उतरला. मागील संसदेत ज्यांचा एकही निर्वाचित सभासद नव्हता अशा पाच पक्षांना मिळून ६० जागा मिळाल्या. त्यांपैकी कम्युनिस्ट व न्याय पक्ष हे १९६० साली संसदेबाहेर फेकले गेलेले जुनेच पक्ष होते. प्रगती पक्ष, मध्य लोकशाहीवादी आणि ख्रिस्ती लोकपक्ष हे मात्र खऱ्या अर्थाने नवे. मतदान ८८.७ टक्के झाले होते. तेव्हा या उलथापालथीचे खापर मतदारांच्या औदासीन्यावर फोडता येत नाही.

या विघटनाची मीमांसा करताना सामान्यतः पहिला दोष प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला दिला जातो. वायमार प्रजासत्ताकाच्या पतनानंतर या पद्धतीवर पक्षांची बजबजपुरी माजविल्याचा आरोप झाला होता. २ टक्के मते मिळविणाऱ्या पक्षाला संसदेचे दार उघडणारा डॅनिश कायदा त्या आरोपाला पुष्टी देतो असे वरवर पाहता वाटते. परंतु आकडे निराळीच साक्ष देतात. प्रगती पक्षाला १५.९ टक्के व मध्य लोकशाहीवाद्यांना ७.८ टक्के मते मिळाली. उंबरठा ४ टक्क्यांचा असता तर कम्युनिस्ट (३.६) आणि न्याय पक्ष (२.९) हे निश्चितपणे बाहेर राहिले असते, आणि पश्चिम जर्मनीप्रमाणे तो ५ टक्क्यांचा असता तर ख्रिस्ती लोकपक्षही (४.०) अडला असता. अडणाऱ्या या तिघांच्या जागा मिळून १८ होतात. उरलेल्या दोन नव्या पक्षांनी ४२ जागा मिळविल्या होत्या, आणि त्यांना कोणताच व्यवहार्य उंबरठा रोखू शकला नसता. शिवाय हाच कायदा १९७१ लाही लागू होता आणि तेव्हा पाचच पक्ष निवडून आले होते. कायदा दार उघडे ठेवतो. त्या दारातून आत शिरण्याची प्रेरणा तो देत नाही.

ही प्रेरणा कशात होती हे पाहू गेल्यास दृष्टी १९६८ कडे वळवावी लागते. त्या वर्षी सोशल डेमोक्रॅट पक्षाला सत्तेवरून दूर करून हिल्मार बाउन्सगॉर यांच्या नेतृत्वाखाली रॅडिकल, कॉन्झर्व्हेटिव्ह व व्हेन्स्त्रे यांचे संयुक्त मंत्रिमंडळ आले. करांचा भार हलका होईल ही त्याच्या मतदारांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सार्वजनिक खर्च व कर दोन्ही वाढतच गेले, आणि १९७० मध्ये वेतनातूनच कर कापून घेण्याची पद्धत सुरू झाल्याने हा भार प्रत्येक पगारदाराला दरमहा दिसू लागला. सरकार बदलले, धोरण बदलले नाही. १९७१ मध्ये सोशल डेमोक्रॅट पुन्हा सत्तेवर आले तेव्हा करांविरुद्ध तक्रार असणाऱ्या मतदाराने दोन्ही बाजू आजमावून पाहिलेल्या होत्या. युरोपीय आर्थिक समुदायातील प्रवेशाच्या प्रश्नावरही चारही जुन्या पक्षांचे नेतृत्व एका बाजूस होते. परंतु ऑक्टोबर १९७२ च्या सार्वमतात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मतदारांनी विरोधी कौल दिला. नेत्यांच्या एकमताआड असंतोषाला प्रतिनिधी उरला नव्हता.

तो मोगन्स ग्लिस्ट्रुप यांच्या रूपाने लाभला. कायद्याचा आधार घेऊन आपण शून्य टक्के प्राप्तिकर भरतो, हे या करविषयक वकिलाने जानेवारी १९७१ मध्ये दूरचित्रवाणीवर आपले करपत्रक दाखवून जाहीर केले होते. प्राप्तिकर नाहीसा करावा आणि संरक्षणदलाऐवजी ‘आम्ही शरण आहोत’ असे रशियन भाषेत सांगणारे दूरध्वनियंत्र ठेवावे, या त्यांच्या घोषणा विदूषकी वाटल्या, तरी त्यामागील प्रश्न विदूषकी नव्हता. नोव्हेंबर १९७३ मध्ये घरमालकांवरील वाढत्या करांना व पक्षाच्या डावीकडे झुकण्याला विरोध करून एर्हार्ड याकोबसेन यांनी सोशल डेमोक्रॅट पक्ष सोडला. परिणामी अँकर यॉर्गेनसेन यांच्या सरकारचा आधार तुटला आणि निवडणूक घोषित झाली. नव्या घराचा मालक झालेला कामगार जुन्या वर्गनिष्ठेत मावत नव्हता, हे याकोबसेन यांच्या यशाने उघड केले.

तथापि या निवडणुकीचे महत्त्व केवळ विघटनात नाही. विघटनानंतर काय घडले यातही आहे. व्हेन्स्त्रेचे पॉल हार्टलिंग यांनी १७९ सभासदांच्या संसदेत अवघ्या २२ सभासदांच्या बळावर मंत्रिमंडळ बनविले. हे शक्य झाले याचे कारण डॅनिश संविधानात आहे. तेथे मंत्रिमंडळाला अधिकारग्रहणापूर्वी संसदेचा विश्वासठराव संपादन करावा लागत नाही. बहुमत विरोधात गेलेले नसले म्हणजे पुरे. १९०१ पासून रूढ झालेले हे तत्त्व १९५३ च्या संविधानाने लिखित केले. त्याची किंमतही मोजावी लागली : १९७१ ते १९८१ या अवधीत देशात सहा निवडणुका झाल्या. परंतु शासनयंत्र थांबले नाही आणि संविधानाबाहेरचा मार्ग कोणी शोधला नाही.

पुढील इतिहास याला पूरक आहे. १९८२ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या पॉल श्लुटर यांनी चार पक्षांचे मंत्रिमंडळ बनविले, त्यात मध्य लोकशाहीवादी आणि ख्रिस्ती लोकपक्ष हे दोन भूस्खलनाचे पक्ष जबाबदारीने सहभागी झाले. ग्लिस्ट्रुप यांना करचुकवेगिरीबद्दल कारावास भोगावा लागला आणि १९८४ मध्ये त्यांचा पक्ष ३.६ टक्क्यांवर आला. परंतु त्याच पक्षातून १९९५ मध्ये फुटून डॅनिश लोकपक्ष निर्माण झाला. असंतोषाचा विषय कराऐवजी स्थलांतर हा झाला होता, आणि त्याला वाट मात्र १९७३ मध्ये पडलेल्या खिंडारातूनच मिळाली.

यास्तव १९७३ च्या निवडणुकीचा निष्कर्ष निर्वाचनपद्धतीच्या गुणदोषांपुरता मर्यादित ठेवता येत नाही. पक्ष परस्परांशी स्पर्धा करीत असल्याचे दाखवितात आणि सत्तेवर आल्यावर एकच धोरण चालवितात, तेव्हा मतदाराला शासन बदलण्याचा अधिकार उरतो, परंतु धोरण बदलण्याचा उरत नाही. डॅनिश मतदाराने हा दुसरा अधिकार परत मागितला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने त्याची मागणी संसदेत पोहोचविली. ती निर्माण केली होती ती जुन्या पक्षांच्या एकमताने.