आकाशातले हरिण

नाताळच्या चित्रातल्या म्हातारबाबाची बर्फावरची गाडी ओढणारी हरिणे माझ्या वर्गातल्या मुलांना फार आवडतात. एकाने विचारले, "गुरुजी, आपल्याकडे अशी हरिणे का नाहीत?" ती रेनडिअर म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या लोकांचे गोधनच. १८२३ साली अमेरिकेत छापलेल्या एका कवितेने तशी आठ हरिणे त्या गाडीला जुंपली आणि ती आकाशात उडू लागली. परंतु आपले हरिण त्याच्या कितीतरी आधीपासून आकाशातच आहे!

ते म्हणजे मृग नक्षत्र. ऐतरेय ब्राह्मणात कथा आहे, की प्रजापती मृगरूप घेऊन स्वतःच्याच कन्येमागे धावला. हा अधर्म पाहून देवांनी एक व्याध उत्पन्न केला. त्याच्या बाणाने विद्ध झालेला मृग आकाशात चढला. कन्या रोहिणी झाली, बाणाचे तीन तारे झाले, आणि मागे व्याध अजून तळपतो आहे.

मृग असा दोषी खरा. पण भंडाऱ्याचा शेतकरी त्याचीच वाट पाहतो. ७-८ जूनला सूर्य मृगात शिरतो, आणि धानाचे पऱ्हे टाकायची घाई सुरू होते. मृग कोरडा गेला, की पऱ्हे करपतात, रोवणी लांबते, आणि घरची दिवाळी फिकी होते. गंमत अशी, की त्या दिवसांत हा मृग सूर्यतेजात बुडालेला असल्याने कोणाला दिसतच नाही!

मृगाचे आणि पावसाचे हे नाते मात्र अनादि नव्हे. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी वसंतसंपात मृगात होता. त्यावरून लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' ग्रंथात वेदांचा काळ ठरविला. तो सर्व विद्वानांना मान्य नाही. परंतु आकाशाचे गणित खरे आहे. सूर्याचा मृगप्रवेश सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. तेव्हा मार्चमध्ये लागणारा मृग असा सरकत सरकत पावसाच्या दाराशी आला. आणखी पाचशे वर्षांनी तो आठवडाभर पुढे गेलेला असेल.

त्या मुलाला मी म्हटले, "त्यांचे हरिण खेळणी आणते, आपले धान आणते."

वाचकहो, फराळ आटोपल्यावर रात्री अकराच्या सुमारास अंगणात या आणि पूर्वेकडे पाहा. जूनमध्ये न दिसलेला मृग वर येत असेल. नाताळात तर तो जवळजवळ रात्रभर आकाशात असतो.