मॉड्यूलच्या भिंतीचा मागोवा

देगलूरच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडत दुकानासाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर नेस्टजेएस या सर्व्हर-फ्रेमवर्कमध्ये लिहायचे आहे, असे धरू. सौद्यात निघालेले सोयाबीन-तुरीचे भाव एका मॉड्यूलमध्ये. वजन, हमाली, तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी काढणे दुसऱ्यात. पट्टीला भाव लागतोच. पण सर्व्हर सुरू करताच एरर येते : पट्टीच्या सर्व्हिसला भावाची सर्व्हिस मिळत नाही. फाइल शेजारीच असते, वर इम्पोर्टही केलेली असते. नवशिके इथे हमखास अडतात. दोन मॉड्यूलांमधली ही भिंत आली कुठून?

१९७२ साली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी मांडले, की प्रोग्रामचे तुकडे कामाच्या क्रमाने पाडू नयेत. पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवावा. भिंतीची कल्पना ही अशी जुनी आहे.

इंजेक्शनची वाट वेगळी. सर्व्हिसने आपल्याला लागणाऱ्या गोष्टी स्वतः बनवू नयेत, त्या तिला बाहेरून मिळाव्यात, हा विचार जावाच्या जगात रुजला. रॉड जॉन्सन यांच्या २००२ च्या पुस्तकातल्या कोडमधून स्प्रिंग हे फ्रेमवर्क उभे राहिले. जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखाने 'डिपेन्डन्सी इंजेक्शन' हे नाव रूढ केले. पण स्प्रिंगमध्ये सर्व्हिस पुरवणारा कंटेनर सहसा सगळ्यांचा एकच असे. पुढे अँग्युलरजेएसमध्येही मॉड्यूल कितीही केले तरी इंजेक्टर एकच. मागेल त्याला मिळे.

२०१७ मध्ये आलेल्या नेस्टने या दोन वाटा जुळवल्या. इथे सर्व्हिस मुळात खासगी असते. भाव मॉड्यूलने ती एक्सपोर्ट्समध्ये लिहायची आणि पट्टी मॉड्यूलने भाव मॉड्यूल आपल्या इम्पोर्ट्समध्ये घ्यायचे. टाइपस्क्रिप्टचे इम्पोर्ट फक्त फाइल ओळखते, ही परवानगी देत नाही.

घाईत अनेकजण भावाची सर्व्हिस पट्टी मॉड्यूलच्या प्रोव्हायडर्स यादीतही टाकतात. एरर जाते, पण सर्व्हिसच्या दोन प्रती तयार होतात. सर्व्हिस भाव मेमरीत ठेवत असेल, तर दुपारचा वाढलेला भाव एकीत जातो आणि पट्टी दुसरीतल्या सकाळच्या भावाने निघते. नुकसान शेतकऱ्याचे होते आणि लॉगमध्ये चुकीचा मागमूस नसतो.

दुसरा पेच चक्राचा. दिवसाची सरासरी काढायला भाव मॉड्यूलला पट्ट्या लागल्या, की दोघे एकमेकांवर अवलंबून राहतात. नेस्टच्या फॉरवर्डरेफ या सोयीने सर्व्हर चालू होतो, पण गुंता तसाच राहतो. सरासरीचे काम अहवालाच्या तिसऱ्या मॉड्यूलला दिले, तर चक्रच उरत नाही.

म्हणून ही एरर दिसली, की सगळे ग्लोबल करून मोकळे होऊ नका. ही सर्व्हिस कोणाच्या मालकीची आणि ती कोणाला द्यायची, हे आधी ठरवा. पार्नस यांनी १९७२ मध्ये विचारायला लावलेला प्रश्न याच्याच जवळचा होता.