खलबत्त्याचा खटला आणि रबराची चटई

श्रोतेहो, यंत्राखाली अंथरायची रबराची चटई हा काही भाषणाचा विषय वाटत नाही. हार्डवेअरच्या दुकानात जायचे, जाड बघून एक तुकडा कापून घ्यायचा आणि मोटारीखाली सरकवायचा, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण या चटईमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो एका खलबत्त्यापासून सुरू करता येतो.

लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर ब्रिजमन नावाचा एक मिठाईवाला होता. त्याच्या स्वयंपाकघरात संगमरवराचे दोन मोठे खल होते. एक साठ वर्षांहून जुना, दुसरा सव्वीस वर्षांहून. शेजाऱ्याच्या हद्दीवरच्या सामाईक भिंतीला लागून विटांच्या चौथऱ्यात ते बसवलेले होते, आणि लाकडी बत्ते उभे धरणारे आडवे वासे थेट त्या भिंतीतच रोवलेले होते. भिंतीपलीकडे विम्पोल स्ट्रीटवरच्या डॉ. स्टर्जेस यांची बाग होती. बागेला काय त्रास होणार? पण १८७३ साली डॉक्टरांनी त्याच भिंतीला टेकवून रोगी तपासण्याची खोली बांधली. रोग्याच्या छातीचे ठोके ऐकायला जावे, तर भिंतीतून बत्त्याचे ठोके यायचे.

प्रकरण कोर्टात गेले. मिठाईवाला म्हणाला, ‘वीस वर्षांहून अधिक काळ मी कुटतो आहे, हा माझा वहिवाटीचा हक्क झाला.’ १८७९ साली अपील कोर्टाने निकाल दिला तो डॉक्टरांच्या बाजूने. खोली नव्हती तोवर त्रास नव्हता; त्रास नव्हता तोवर दाद मागता येत नव्हती; मग वहिवाट सुरू झाली कधी? न्या. थेसिगर यांनी आणखी एक मुद्दा मांडला. उपद्रव ठरवताना वस्ती पाहावी लागते. बेलग्रेव्ह स्क्वेअरच्या श्रीमंत वस्तीत जो उपद्रव होईल, तो चामडी कमावणाऱ्या बर्मंडसीत होईलच असे नाही. हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

पुढे १८९५ साली असाच एक खटला गाजला. लंडनच्या साउथवर्क भागात एका वीज कंपनीने आपली इंजिने बसवली आणि शेजारच्या दारूगुत्त्याची इमारत हादरू लागली. गुत्तेवाल्याला खालच्या कोर्टाने नुकसानभरपाई देऊ केली. अपील कोर्टाने मनाई हुकूमच दिला. वीज ही लोकांच्या गरजेची वस्तू आहे, म्हणून पैसे मोजून शेजाऱ्याचा हक्क विकत घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

दोन्ही निकालांत एक गोष्ट सारखी आहे. यंत्र थांबवायचे किंवा हादरा सोसायचा, एवढेच दोन पर्याय दिसतात. यंत्रही चालावे आणि शेजाऱ्यालाही झोप लागावी, हा तिसरा पर्याय कोर्टाला देता येण्यासारखा नव्हता. तो इंजिनियरांना शोधावा लागला, आणि त्यासाठी लागणारा माल बाजारात आलेलाही होता.

हा माल म्हणजे रबर. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना ते शतकानुशतके माहीत होते. युरोपात ते आले, पण उन्हाळ्यात चिकट व्हायचे आणि थंडीत कडक होऊन तडकायचे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांचा संस्कार सापडला. इंग्लंडमध्ये टॉमस हॅंकॉक यांनी १८४३ साली पेटंटसाठी अर्ज केला. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. त्यांतून उगवलेली रोपे श्रीलंकेत गेली. १९०२ साली केरळात पेरियारच्या काठी तट्टेकाड येथे भारतातली पहिली व्यापारी लागवड झाली. रबर असे स्वस्त आणि मुबलक झाले. पण ते कुठे, किती आणि कसले वापरायचे, हा हिशेब वेगळाच होता.

तो हिशेब मला फजितीतून कळला. १९८० च्या सुमारास मी नुकता डिप्लोमा होऊन आलो होतो. आमच्या वाड्यात तळमजल्यावर नानांची पिठाची गिरणी, आणि वरच्या मजल्यावर माई. माईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. गिरणी सुरू झाली की त्यांच्या मांडणीवरची भांडी वाजत. नाना मला म्हणाले, ‘अरे, तू इंजिनेर ना? म्हातारीला दुपारचा डोळा लागत नाही. बघ जरा काहीतरी.’

मी दुकानातून जाड, टणक, सपाट रबर आणले. टणक म्हणजे टिकाऊ, अशी माझी समजूत. काडीचा फरक पडला नाही. मग मी पन्हाळीदार, मऊ चटईचा एक थर घातला, साधारण बारा मिलिमीटरचा. गिरणी सुरू केली आणि वरून माई ओरडल्या, ‘अरे, घर पाडतोस का?’ भांडी पहिल्यापेक्षा जास्त वाजत होती. मी खजील झालो. ओळखीचे एक निवृत्त फोरमन होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘रबर किती दबलं, मोजलंस का?’

श्रोतेहो, सगळे शास्त्र या प्रश्नात आहे. प्रत्येक झोपाळ्याचा स्वतःचा एक ठेका असतो. त्या ठेक्यात धक्के दिले तर झोका वाढत जातो. त्याहून फार भरभर धक्के दिले, तर झोपाळा जेमतेम हलतो. रबरावर ठेवलेले यंत्र हा असाच एक उभा झोपाळा आहे. त्याचा ठेका काढायची सोपी रीत अशी : यंत्राच्या वजनाने रबर किती मिलिमीटर दबते ते पाहा, त्याचे वर्गमूळ काढा आणि १६ ला त्याने भागा. सेकंदाला होणारी आंदोलने मिळतात. रबराचा खरा ठेका यापेक्षा थोडा जास्तच असतो, पण अंदाज येतो. यंत्राचा वेग या ठेक्याच्या निदान दीडपट झाल्यावर कुठे हादरा कमी होऊ लागतो. दोन-तीनपट असेल तर खरा उपयोग.

नानांच्या गिरणीचा दगड मिनिटाला ७२० फेरे घेई, म्हणजे सेकंदाला १२. माझे टणक रबर अर्धा मिलिमीटरही दबले नव्हते. ते असून नसल्यासारखेच. मऊ चटई दबली पावणेदोन-दोन मिलिमीटर. तिचा ठेका बरोबर १२ च्या आसपास. मी झोपाळ्याला नेमका त्याच्या ठेक्यात धक्का देत होतो! फोरमनसाहेबांनी तशाच चार चटया, मध्ये पत्रे घालून, एकावर एक ठेवायला लावल्या. आता एकूण दबणे सात मिलिमीटर, ठेका ६, आणि हादरा जवळपास एक तृतीयांश. मोटार आणि गिरणी एकाच लोखंडी चौकटीवर घेतली, नाहीतर पट्टा निसटला असता. संध्याकाळी माईंनी वरून विचारले, ‘नाना, आज गिरणी बंद ठेवलीत का?’

हीच युक्ती मोठ्या कंपन्यांनीही वापरली. १९३१ साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीचे चार सिलिंडरचे इंजिन रबरावर तोलून बसवले आणि त्या पद्धतीला ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हणजे तरंगती शक्ती असे नाव दिले. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएनने त्याचा परवाना घेतला आणि जाहिरातीत पाण्यावर तरंगणारा हंस दाखवला. १९६६ साली तर लंडनमध्ये सेंट जेम्स पार्क या भुयारी स्टेशनावर अल्बनी कोर्ट नावाची निवासी इमारतच रबराच्या ठोकळ्यांवर उभी राहिली. इथे यंत्राला नव्हे, घरालाच चटई घातली.

चटई निवडताना आणखी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रबर दाबले तर ते आकसत नाही, बाजूला फुगते. फुगायला जागा नसेल तर ते दबतही नाही. म्हणून चटईला पन्हाळी किंवा गुंड्या असतात. त्या शोभेसाठी नव्हेत. तेल गळणाऱ्या यंत्राखाली नैसर्गिक रबर फुगून कुजते, तिथे नायट्राइल किंवा निओप्रीन घ्यावे. आणि चटईतून बोल्ट घालून यंत्र फरशीला आवळून टाकले, तर चटईचा खर्च वाया. हादरा बोल्टमधून खाली उतरतो.

आता यंत्रमागांकडे येतो. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे घराघरांत माग आले. धोट्याचा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास फटके मारतो. म्हणजे सेकंदाला अडीच. आपल्या हिशेबाने पाहिले, तर इतक्या संथ ठेक्याला साधी चटई पुरी पडणार नाही. फटक्यातून उठणारी बारीक थरथर ती अडवते, भिंतीतून शेजारी जाणारी खडखड कमी करते. शेजाऱ्याला तेवढेही पुष्कळ वाटते.

पण शेडमधला आवाज हवेतून कानात शिरतो. त्याला चटई काहीही करू शकत नाही. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. तिथे कानांचे बूच हवे, मागाची देखभाल हवी, शक्य तिथे बिनधोट्याचे माग हवेत. ‘चटई घातली आहे’ हे मालकाचे उत्तर शेजाऱ्यासाठी खरे असेल, विणकरासाठी नव्हे.

पुन्हा लंडनच्या त्या खटल्याची आठवण होते. डॉक्टरांना शांतता मिळाली, मिठाईवाल्याचा हक्क गेला. त्या खलाशी उभे राहून वर्षानुवर्षे साखर कुटणाऱ्या माणसाच्या कानांचे काय झाले, हा प्रश्न कोर्टासमोर नव्हताच. आपण चटई विकत घ्यायला जाऊ तेव्हा दुकानदाराला यंत्राचे वजन आणि फेरे सांगू, ‘किती दबेल?’ म्हणून विचारू. आणि घरी येताना यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसासाठी कानांत घालायचे बूचही घेऊन येऊ.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)