गाडीचे छत लोंबू लागते तेव्हा...

- प्रतिनिधी

रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन आटोपून मंडळी भर दुपारी वाहनतळावर परततात. गाडीचे दार उघडताच आतून भट्टीसारखी धग बाहेर येते आणि मागच्या आसनावर बसणाऱ्या आजींच्या डोक्याला छताचे कापड लागते. गेल्या वर्षी जिथे लहानसा फुगवटा होता, तिथे आता झोळी तयार झालेली असते. बोटाने दाबले की कापड वर जाते, बोट काढले की पुन्हा खाली येते आणि मागे राहते ती पिवळसर-तपकिरी भुकटी. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारींच्या मालकांना हा अनुभव नवा नाही.

छताच्या आतील या आवरणाला इंग्रजीत 'हेडलायनर' म्हणतात. कुशनकाम करणाऱ्या दुकानांत 'रूफ लायनिंग' म्हटले की काम भागते. हे अस्तर सुटले म्हणजे डिंक सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे पुन्हा डिंक लावून घेतला जातो आणि एका उन्हाळ्यातच तो खर्च वाया जातो. बहुतेक गाड्यांमध्ये दोष डिंकाचा नसून कापडामागील फोमचा असतो. एवढी एक गोष्ट समजली, तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचू शकतात.

अस्तराची रचना

मोटारींच्या छताचे अस्तर मुख्यतः दोन प्रकारचे असते. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांमध्ये रेक्झिन अथवा कापड तारांच्या कमानींवर ताणून बसविलेले असे. कापडाच्या मागील बाजूस शिवलेल्या नळ्यांमधून या तारा ओवल्या जातात आणि कडा छताच्या चौकटीला चिकटविल्या जातात. यात फोमवर भार नसतो. त्यामुळे अस्तर लोंबले तर शिवण कुजलेली असते, तार निसटलेली असते किंवा कडा सुटलेली असते.

त्यानंतरच्या बहुतेक मोटारींमध्ये वेगळी पद्धत आली. दाबून घडविलेल्या तंतूंचा, छताच्या आकाराचा एकसंध बोर्ड तयार केला जातो. त्यावर सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम असलेले कापड चिकटविले जाते. कापड आणि फोम यांचा जोड कारखान्यात फोमचा पृष्ठभाग ज्योतीने किंचित वितळवून केलेला असतो. अशा रीतीने बोर्ड, डिंक, फोम आणि कापड असे चार थर एकमेकांना धरून असतात. यांतील सर्वांत दुबळा थर फोमचा.

फोम का मरतो?

उष्णता, हवेतील ओलावा, प्राणवायू आणि प्रकाश यांच्या संयुक्त माऱ्यामुळे पॉलियुरेथेनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात. लवचीक फोम आधी चिकट आणि नंतर ठिसूळ होतो. शेवटी त्याची भुकटी होते. भुकटीचा एक भाग बोर्डाला चिकटून राहतो, दुसरा कापडाला. मधला धागाच तुटल्यामुळे कापड स्वतःच्या वजनाने खाली येते.

शिरूर आणि दौंड हे तालुके पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात येतात. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील हवा बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी अधिक तापते आणि छताचा पत्रा त्याहूनही गरम होतो. अस्तर नेमके या पत्र्याखाली असते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतील उघडे वाहनतळ, दौंड जंक्शनबाहेर दिवसभर रेल्वेप्रवाशांची वाट पाहत थांबलेल्या गाड्या, बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला लावलेली वाहने या साऱ्यांच्या वाट्याला हीच भट्टी येते. पुढे पावसाळ्यातील दमटपणा उरलेले काम पुरे करतो. सावलीत राहिलेल्या गाडीचे अस्तर म्हणूनच अधिक काळ टिकते.

तात्पुरते उपाय आणि त्यांचे धोके

अस्तर लोंबू लागले की घरोघरी प्रयोग सुरू होतात. टाचण्या टोचणे, दुहेरी चिकटपट्टी लावणे, इंजेक्शनच्या सुईने कापडामागे डिंक सोडणे हे त्यांतले नेहमीचे. सुईने सोडलेला डिंक भुकटीलाच चिकटतो. त्यामुळे कापडावर डाग पडतात आणि काही आठवड्यांत झोळी पुन्हा दिसू लागते. सुतारकामाचा पांढरा डिंक तर येथे निरुपयोगीच ठरतो.

कापडाची केवळ कडा सुटली असेल आणि आतील फोम अजून लवचीक असेल, तरच चिकटविण्याचा उपाय चालतो. त्याची परीक्षा सोपी आहे. सुटलेल्या कडेतून फोमवर बोट घासावे. बोटाला भुकटी लागली नाही तर कडा चिकटवून भागेल. भुकटी लागली तर संपूर्ण अस्तर बदलणे हाच मार्ग उरतो.

काही ठिकाणी लाकडी किंवा धातूच्या पट्ट्या स्क्रूने छताला ठोकून कापड वर धरले जाते. हा उपाय टाळावा. स्क्रू लांब असेल तर तो छताच्या पत्र्यापर्यंत पोहोचतो आणि तिथून गंज व गळती सुरू होते. अपघातात डोके आपटल्यास हीच पट्टी इजा करते. टाचण्या सुटून प्रवाशांच्या अंगावर पडतात. शिवाय मागच्या काचेसमोर लोंबणारे कापड आरशातील दृश्य झाकते. महामार्गावर मागून येणारे वाहन वेळेत न दिसणे ही केवळ गैरसोय नव्हे. अशी गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी निदान मागच्या काचेसमोरचे कापड तरी वर बांधून घ्यावे.

आधी गळती तपासा

अस्तरावर तपकिरी कडा असलेले डाग दिसत असतील, तर पाणी आत येत आहे असे समजावे. अँटेनाचे छिद्र, पुढच्या-मागच्या काचेची रबरे, छतावरील कॅरिअर बसविण्यासाठी पाडलेली भोके आणि सनरूफ असल्यास त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या ही नेहमीची ठिकाणे. गळती बंद न करता नवे अस्तर बसविणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे होय.

दुरुस्ती कशी होते?

प्रथम बॅटरीची जोडणी काढली जाते. सूर्यझडपा, हाताने धरावयाच्या मुठी, आतील दिवा, खांबांवरील प्लॅस्टिकची आवरणे आणि दारांच्या चौकटीची रबरे काढल्यानंतर बोर्ड मोकळा होतो. पुढची आसने पूर्णपणे मागे झुकवून तो मागच्या अथवा पुढच्या दारातून बाहेर काढतात. या वेळी तो दुमडला गेला तर कायमची घडी पडते, म्हणून दोन माणसे असणे इष्ट.

यानंतरची पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची असते. जुने कापड ओढून काढल्यावर बोर्डावर उरलेला फोम मऊ ब्रशने पूर्णपणे घासून काढावा लागतो. नवा डिंक बोर्डाला धरायला हवा, भुकटीला नव्हे. भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून मास्क लावून हे काम उघड्यावर करावे. बोर्डाला तडा गेला असेल तर मागील बाजूने काचतंतूंचे कापड आणि रेझिन लावून तो सांधतात.

नवे कापड फोम जोडलेलेच घ्यावे. दीड मीटर पन्ह्याचे सुमारे दोन मीटर कापड साधारण आकाराच्या मोटारीला पुरते. तरीही बोर्ड मोजूनच खरेदी करावी आणि प्रत्येक बाजूस किमान आठ-दहा सेंटिमीटर अधिक धरावे. फोम नसलेले कापड स्वस्त पडते, परंतु त्यातून डिंक बाहेर झिरपतो आणि बोर्डावरील प्रत्येक उंचवटा दिसू लागतो.

डिंक उष्णता सहन करणारा, दोन्ही पृष्ठभागांना लावावयाचा आणि किंचित सुकल्यावर दाबावयाचा असावा. कापड बोर्डावर अंथरून त्याचा अर्धा भाग उलटवतात, बोर्डाला व फोमला डिंकाचा समान थर देतात आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेपर्यंत थांबतात. बोट लावल्यास चिकट वाटावे, पण डिंक बोटाला येऊ नये, ही खूण. मग मधून कडेकडे तळहाताने दाबत जातात. खोलगट भागात कापड ताणून पुलासारखे बसविले तर तेथून ते पुन्हा सुटते. ते खोलात दाबूनच पुढे सरकावे लागते. दुसरा अर्धा भागही असाच चिकटवतात. कडा बोर्डामागे दुमडून चिकटविल्यावर आणि डिंक पूर्ण सुकल्यावरच दिव्याची व मुठींची छिद्रे कापून बोर्ड पुन्हा गाडीत बसवितात.

या डिंकातील द्रावके ज्वलनशील असतात. बंद गाडीत तो फवारू नये, जवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी नसावी.

जुन्या पद्धतीचे ताणलेले अस्तर बदलताना तारांच्या कमानींना क्रमांक देणे विसरू नये. प्रत्येक तारेची लांबी आणि बाक वेगळा असतो. तारांची अदलाबदल झाली तर कापड कधीच सपाट बसत नाही. अशा गाड्यांत कापडाची कडा अनेकदा काचेच्या रबराखाली खोचलेली असते. काच काढावी लागणार का, हे काम देतानाच विचारून घ्यावे.

एअरबॅग असल्यास

काही मोटारींमध्ये दारांच्या वर, छताच्या कडेने पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. खांबाच्या आवरणावर तसे लिहिलेले असते. अशा गाडीचे अस्तर काढण्यापूर्वी बॅटरी सोडवून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे आवश्यक आहे. कडेची आवरणे मूळ क्लिपांनीच बसवावीत. तिथे डिंक, स्क्रू किंवा जाड पट्टी लावली तर ऐन वेळी एअरबॅग उघडण्यात अडथळा येतो. याविषयी कारागिराला खात्री नसेल, तर काम अधिकृत कार्यशाळेकडे सोपवावे.

काम देताना काय विचारावे?

दर विचारण्याआधी पद्धत विचारावी. बोर्ड गाडीबाहेर काढणार का, जुना फोम पूर्ण घासणार का, कापड फोमसह असेल का, डिंक उष्णता सहन करणारा आहे का आणि क्लिपा तुटल्यास बदलून मिळणार का, हे पाच प्रश्न पुरेसे आहेत. बोर्ड न काढता तासाभरात काम करून देण्याचे आश्वासन मिळाल्यास सावध व्हावे. कापड, मजुरी आणि बोर्डाची डागडुजी यांचा वेगवेगळा हिशेब मागितला तर दोन दुकानांची तुलना करता येते. शक्य असल्यास घासून झालेला बोर्ड, नवे कापड चिकटविण्यापूर्वी, स्वतः जाऊन पाहावा.

कामाची वेळही महत्त्वाची. पावसाळ्यात दमट हवेमुळे डिंकाची पकड कमी होते, तर मे महिन्यात तो दाबण्याआधीच सुकतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोयीचा. मात्र याच काळात उसाचा गाळप हंगाम असतो आणि न्हावरे-चौफुला मार्गासारख्या रस्त्यांवर बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ उडत असते. ओल्या डिंकावर बसलेली धूळ जुन्या भुकटीइतकीच घातक ठरते. म्हणून काम रस्त्याकडेला न करता आडोशाला, स्वच्छ जागेत करून घ्यावे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि योग्यता तपासून ती पाच वर्षांसाठी वाढविता येते. गाडी आणखी पाच वर्षे वापरावयाची असेल, तर अस्तराचे काम एकदाच आणि पूर्ण करणे परवडते. ती लवकरच विकावयाची असेल, तर गळती बंद करून लोंबते कापड काढून टाकणे आणि खरेदीदाराला तसे स्पष्ट सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. एकदा नवे अस्तर बसले, की गाडी झाडाखाली किंवा छपरीत उभी करावी आणि उन्हात थांबावे लागल्यास काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात. अस्तराचे आयुष्य वाढविण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.