प्रभातच्या आवारातला इतिहासाचा वर्ग

पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही सरकारी संस्था निघाली. तिची शिफारस स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्येच केली होती. छायाचित्रण, संकलन, ध्वनिमुद्रण शिकवायला प्रभातचा स्टुडिओ होता. चित्रपटाचा इतिहास शिकवायला मात्र जुने चित्रपट लागतात, आणि त्यांचा देशात दुष्काळ होता.

भारतात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले. उरले अगदी मोजके. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई, जुनी झाली की कुजे. त्यात बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक राहिले नाही. कित्येक रिळे तर त्यांतली चांदी काढण्यासाठी विकली गेली.

आग्र्यात अर्थशास्त्र शिकवणारे सतीश बहादूर १९६३ मध्ये या संस्थेत चित्रपट-रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून आले. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ ते प्रसंगाप्रसंगाने उलगडून दाखवत. चित्रपट पुस्तकासारखा बारकाईने, पुन्हापुन्हा वाचायचा असतो, ही सवय त्यांनी विद्यार्थ्यांना लावली. पण असे वाचायचे तर प्रत हाताशी हवी. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि ही गरज भागू लागली. पुढल्या वर्षी तिथे रुजू झालेले पी. के. नायर १९९१ पर्यंत गावोगाव हिंडून रिळे जमवत राहिले. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाची (१९१९) रिळे त्यांनी नाशिकहून फाळके कुटुंबीयांकडून मिळवली आणि क्रमाने जुळवली. फाळक्यांची लेक मंदाकिनी हिने रंगवलेला कृष्ण त्यामुळे पुढच्या पिढ्यांना पडद्यावर पाहता आला. भारतात चित्रपटाच्या इतिहासाचे अध्यापन खऱ्या अर्थाने उभे राहिले ते वर्ग आणि संग्रह यांच्या या शेजारामुळे.

तरीही मोठ्या उणिवा राहिल्या. २००३ मध्ये संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागून जपलेलेही बरेच गेले. एक उणीव तर घरचीच आहे. प्रभातच्या संस्थापकांपैकी व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल हे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. पेंटरांच्या ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनीच केली होती. शिष्यांच्या स्टुडिओत भरणाऱ्या वर्गाला गुरूचा हा मूकपट दाखवता येत नाही. त्याची प्रत उरलेली नाही.